पिल्लाचे लाड

"मुलांना जबाबदारी कळेल," म्हणत श्रीरंगने कुत्र्याचं पिल्लू घरी आणलं. पाच वर्षांची ईरा आणि तीन वर्षांचा ओजस दोन दिवस त्याच्यामागे धावले, तिसऱ्या दिवशी कार्टूनकडे वळले.

चौथ्या दिवशी पिल्लाने सोफ्याखाली घाण केली. श्रीरंगची बायको हेमांगी फडकं घेऊन आली, तर तो आधीच गुडघ्यांवर बसून पुसत होता. "माझं शोनुलं ते, पोट बिघडलं का?"

ईरा बघत राहिली. "बाबा, आमची शी पण तूच पुसायचास?"

"नाही गं. मला उलटी यायची."

तेवढ्यात बाथरूममधून ओजसने हाक मारली, "आई, माझी झाली."

हेमांगी पिल्लाला मांडीवर घेऊन सोफ्यावर बसली आणि नवऱ्याला म्हणाली, "जा. आता तुला उलटी येत नाही."