लाल ठिपके

आई गेल्यापासून माझी पाळी कधी अठरा दिवसांनी यायची, कधी दीड महिन्याने. आता तीन महिने पत्ताच नव्हता. डॉक्टरबाईंनी तारखा विचारल्या. तारखा आई ठेवायची, स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल ठिपका देऊन. म्हणून बाबांनी कॅलेंडरच आणलं होतं, खिळ्यासकट.

डॉक्टरबाईंनी पानं उलटली. "अगं, इथे तर दर अठ्ठाविसाव्या दिवशी ठिपका आहे. परवाचासुद्धा!"

बाबा घड्याळं दुरुस्त करतात. ते खूश झाले. "एक दिवसही पुढेमागे नाही."

"बाबा, हे ठिपके तुम्ही दिलेत?"

"मग कोण देणार? ही गेली म्हणून बंद पडू द्यायचं का?"

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी थायरॉइडची तपासणी लिहून दिली आणि हळूच म्हणाल्या, "माणूस गेल्याच्या धक्क्यानेही पाळी चुकते हो."

बाबांनी कॅलेंडरची गुंडाळी केली. "मग पिशवी भरायची की नाही आता?"

दर ठिपक्याला माझ्या अंथरुणात गरम पाण्याची पिशवी असायची. पाळी नसतानाही मी ती गुपचूप पोटाशी धरायचे.

"भरा," मी म्हटलं. "आई भरायची तेवढीच गरम असते."