लेक डावीकडे, सून उजवीकडे

जरा पुढे सरकून बसा मंडळी. गोष्ट एका वैतागलेल्या सुनेची आहे, आणि ती आत्ता स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून सासूबाईंना कोपरापासून हात जोडते आहे.

"आई, शेवटचं विचारते. उद्या ताई न्यायला येणार. तुम्हाला जायचंय की राहायचंय?"

"तुम्ही दोघी ठरवाल तसं," म्हणत सासूबाई मटार सोलत राहिल्या.

आठवडाभर हेच उत्तर. मुलगा गेल्यापासून घरात या दोघीच. लेकीचं घर मोठं, भरलेलं. सुनेला म्हातारी हवी होती. पण तिचं मन नसताना तिला अडवून ठेवायचं पाप कोण घेणार? देवाने माणसाला तोंड दिलं तरी कशाला, असं तिला झालं होतं.

सून मानसशास्त्राची प्राध्यापक. जिभेवर येत नाही ते बोटांत उतरतं, हे ती वर्गात वर्षानुवर्षं शिकवत आलेली. तिने चाचणी मांडली. पडद्यावर एकेक शब्द येणार. लेक आठवली तर डावं बटण, सून आठवली तर उजवं. विचार करायचा नाही, झटकन दाबायचं.

सासूबाईंनी ओल्या बोटांनी दाबायला घेतलं. गोड, गुणी, शहाणी, समजूतदार: सगळं डावीकडे. हट्टी, चिडकी, वेडी, भांडकुदळ: सगळं उजवीकडे. बोट एकदाही अडखळलं नाही. सुनेने पुन्हा करायला लावलं. पुन्हा तेच. निकाल उमटला: सुनेविषयी तीव्र छुपी नावड.

सुनेने लॅपटॉप आपटून मिटला.

"झालं. कळलं. बॅग मीच भरते तुमची. एवढी वर्षं एका छपराखाली काढून मी भांडकुदळ, आणि ती गुणी."

"मग काय खोटं दाबू?" आता सासूबाईही वैतागल्या. "ती येते, दोन दिवस गोड बोलते, जाते. आल्यागेल्याला कोणी चिडकी म्हणतं का? भांडायला घरचं माणूस लागतं, बाई. दुसऱ्याच्या घरात मी कुणाला वेडी म्हणू?"

सुनेने लॅपटॉप बाजूला सारला. ती म्हणाली, "मग राहायचंय, असं सरळ का नाही सांगितलंत?"

"आपल्याच घरात राहते म्हणून सांगत सुटतं का कोणी?"

दुसऱ्या दिवशी लेक आली. आईची पाठ दुखू नये म्हणून गाडीच्या मागच्या सीटवर तिने उशी ठेवली होती. चहा झाला, गोड बोलणं झालं, आणि उशी आली तशीच परत गेली.

सासू-सुनेचं काय हो, त्या संध्याकाळपर्यंत पुन्हा भांडल्याही असतील. देवापुढे हात जोडाल तेव्हा आठवण तेवढी त्या लेकीची ठेवा. सगळे गोड शब्द तिच्या वाट्याला आले. आई नाही आली.