नऊ नंबरचा शर्ट

अठरावा शर्ट मावशीनं अंगावर चढवला तेव्हा धुलाईच्या खोलीतले चारही ड्रायर धडधडत होते आणि खिडकी मुद्दाम बंद ठेवली होती. शर्ट नवाकोरा होता. पाठीवर मोठा नऊचा आकडा. तो घालून ती इस्त्रीला उभी राहिली. घाम यायला हवा होता. घाम हाच तर विकायचा होता.

सव्वीस वर्षं तिनं या फुटबॉल क्लबच्या शर्टांवरचे डाग काढले होते. रक्ताला गार पाणी, गवताला आधी साबणाचा हात, गोलकीपरच्या कोपरांना दोनदा घासणं. शर्ट हातात आला की आकडा न बघता ती कुणाचा ते सांगायची. आता त्याच हातांनी डाग पाडायचे होते.

क्लब खालच्या गटात घसरला, मैदान अर्धं रिकामं राहायला लागलं, तेव्हा क्लबचा कारभार बघायला नवे साहेब आले. हसतमुख माणूस, पण डोकं एक क्षण स्वस्थ बसायचं नाही. "जिंकणं-हरणं आपल्या हातात नसतं," ते सगळ्यांना सांगायचे, "बाकीचं सगळं असतं." मग क्लबचा हॉल समारंभांना मिळू लागला. प्रेक्षकांच्या स्टँडला एका रंगाच्या कंपनीचं नाव लागलं. सुट्टीच्या दिवसांत खेळाडूंना घरी न सोडता परदेशी, प्रदर्शनी सामन्यांना धाडायला सुरुवात झाली. आणि सामन्यात घातलेले शर्ट न धुता, तसेच मळके विकायचं ठरलं. सोबत खरेपणाचा दाखला, त्यावर सही मावशीची. चाहत्यांचा अध्यक्षांपेक्षा तिच्यावर जास्त भरवसा होता, आणि तो काही चुकीचा नव्हता.

सुरुवातीला सगळं सरळ चाललं. मग नऊ नंबरनं शेवटच्या सामन्यात तीन गोल मारले आणि त्या एका शर्टाला वीस गिऱ्हाइकं आली.

"बाकीचे एकोणीस तुम्ही तयार करा," साहेब म्हणाले.

"म्हणजे खोटे?"

"मावशी, धुलाई बाहेर द्यायचा ठराव माझ्या टेबलावर पडून आहे. तो तसाच पडून राहावा असं मलाही वाटतं." साहेब अजून हसतच होते. "आणि नुसता चिखल नको हं. पेटी उघडली की वास आला पाहिजे. घाम तो घाम. कुणाचा, ते कोण ओळखणार आहे?"

मावशीनं एकोणीस कोरे शर्ट मोजून घेतले. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला होता आणि पेन्शनला चार वर्षं होती.

काम मात्र तिनं वरवरचं केलं नाही. ते तिला जमायचंच नाही. नऊ नंबर नेहमी डाव्या खांद्यावर पडतो, म्हणून गोलसमोरची माती डाव्या खांद्याला चोळली. तो उजव्या बाहीला नाक पुसतो, म्हणून ती बाही चुरगाळली. सहा दिवसांनी एकोणीस शर्ट खऱ्या शर्टाशेजारी ठेवले तेव्हा तिचाच गोंधळ उडाला. काम झकास उतरलं म्हणून तिला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग तिनं एकोणीस सह्या केल्या.

तीन आठवड्यांनी, भर दुपारी, साहेब एका बाईला घेऊन धुलाईच्या खोलीत आले. बाईच्या हातात पेटी होती. रात्रभर प्रवास करून आल्यासारखे तिचे डोळे लाल होते.

"या आपल्या नऊ नंबरच्या आई," साहेब म्हणाले. "यांनी शर्ट मागवला होता. म्हणतात, हा त्याचा नाही. तो संघाबरोबर परदेशात आहे, नाहीतर त्यालाच उभं केलं असतं. मावशी, तुम्हीच सांगा यांना. दाखल्यावरची सही तुमचीच आहे ना?"

साहेब तिच्याकडे बघत राहिले.

"मी भांडायला नाही आले हो, ताई," आई घाईघाईनं म्हणाली. "अदलाबदल झाली असेल. केवढे कपडे तुमच्या हातांखालून जातात, चूक कुणाचीही होते. दोन वर्षं झाली, पोरगं घरी आलं नाही. सुट्टी लागली की ह्यांचे सामने लागतात. फोनवर दिसतो, बोलतो. पण जवळ घेतल्यासारखं नाही वाटत. शेजारणीनं सांगितलं, न धुतलेला शर्ट मिळतो म्हणून. वाटलं, उशाशी ठेवीन."

साहेबांनी खाकरून घड्याळात बघितलं. "अहो, पण माती बघा. डावा खांदा बघा. तो तसाच पडतो की नाही?"

"पडतो तसाच," आई म्हणाली. तिनं शर्ट बाहेर काढला, नाकाशी धरला आणि डोळे मिटले. "पण चौदा वर्षं त्याचे कपडे मी धुतलेत. दिवे गेले असले तरी त्याचा सदरा वेगळा काढायचे. हा घाम त्याचा नाही. हा कुणा बाईचा आहे."

साहेब मोठ्यानं हसले. आईनं शर्टाची घडी घातली, बाह्या आत, आकडा वर, अगदी मावशी घालायची तशी.

"कोण आहे कुणास ठाऊक," ती म्हणाली. "पण फार दमलीय हो बिचारी."

मावशीनं इस्त्री बंद केली. ड्रायरही बंद केले, एकामागून एक, चारही. खोलीत एकदम शांतता झाली.

"सही माझीच आहे, साहेब," ती म्हणाली. "आणि घामही."