दर तिसरा मंगळवार

एकतीस वर्षांत एकही मतदान न चुकवलेले सत्ताधारी बाकांवरचे आबा या अधिवेशनात चार वेळा गैरहजर राहिले. चारही वेळा मंगळवार होता आणि प्रत्येक दोन गैरहजेऱ्यांमध्ये बरोबर एकवीस दिवसांचे अंतर होते.

हा तक्ता प्रतोदबाईंनी स्वतः आखला होता. सत्ताधारी पक्षाच्या सदस्यांना मतदानाला हजर ठेवणे हे त्यांचे काम. त्याआधी पंधरा वर्षे त्यांनी संख्याशास्त्र शिकवले होते. वय हे कारण त्यांनी पहिल्याच दिवशी खोडले. म्हातारपण दिवस मोजून येत नाही. मग त्यांनी शेजारी विरोधी बाकांची हजेरी मांडली. त्याच चार दिवशी ताईही आल्या नव्हत्या.

ताई म्हणजे फुटून गेलेल्या अकरा जणांच्या नेत्या. कामगारांच्या निवृत्तिवेतनाला कात्री लावणारे विधेयक सरकारने मांडले, त्या दिवशी हे अकरा जण उठून समोर जाऊन बसले. मध्यापासून थोडा डावीकडे झुकलेला एक नवा पक्ष उभा राहिला आणि सरकारचे बहुमत तीनवर आले. बावीस वर्षे ताईंच्या शेजारी बसलेले आबा तेव्हा त्यांच्यावर सर्वांत मोठ्याने ओरडले होते. तेव्हापासून दोघांत अबोला.

अबोला खोटा आणि गाठीभेटी खऱ्या, असाच निष्कर्ष पक्षाने काढला. आबांच्या हकालपट्टीचे पत्र तयार होऊन प्रतोदबाईंच्या सहीसाठी आले. याच माणसाने त्यांना बोटाला धरून राजकारणात आणले होते. पेन उचलवेना.

पाचव्या वेळी, मतदानाची घंटा वाजताच त्या आबांना शोधायला निघाल्या. आबा लांब गेलेच नव्हते. सभागृहामागच्या जिन्याखाली, बाकावर एकटेच बसले होते.

"कोणाची वाट बघताय, आबा?"

"मतदान संपायची."

"सरळ सांगा. तिकडे जाताय का?"

"मी? त्या फुटीरांत?" आबा उखडले. "त्या बाईला मी उभ्या जन्मात माफ करणार नाही!"

"मग नेमकी ती नसते त्याच दिवशी दांडी का मारता?"

आबांचा आवाज खाली आला. "दर तिसऱ्या मंगळवारी तिला सलाईनमधून औषध देतात. कॅन्सरचं. सहा तास लागतात. मी दांडी मारायच्या आधी, पहिल्या खेपेला मतदान आहे म्हणून अर्ध्यातच सुई काढून आली आणि त्या दारात कोसळली. तिच्या लेकीनं सांगितलं मला. माझ्या अंगाखांद्यावर वाढलीय ती पोर."

"मग रीतसर जोडी लावायची." एका बाजूचा सदस्य आजारी असला, की दुसऱ्या बाजूच्या एकाने मत न देता बाहेर थांबायचे, ही सभागृहाची जुनी रीत होती.

"त्याला तिची विनंती लागते. आपल्यापुढं शब्द टाकेल ती? नाव नको! मी इथं बसतो. लेक तिला सांगते, तिकडचाही एक कमी आहे, तुझ्यावाचून काही अडत नाही. मग पडून राहते गुपचूप. तो एक कोण, ते लेक सांगत नाही. तुम्हीही सांगायचं नाही."

"आणि सरकार पडलं असतं तर?"

"दोन्हीकडून एकेक वजा केला तर फरक तोच राहतो. हे मी तुम्हाला शिकवू?"

तीन आठवडे प्रतोदबाई एकाच बाजूची वजाबाकी करत होत्या.

वरून निकाल ऐकू आला. सरकार तीन मतांनी जिंकले होते. आबा गुडघ्यावर हात टेकून उठले आणि काहीच घडले नसल्यासारखे जिना चढू लागले.

हकालपट्टीचे पत्र सहीविना परत गेले. पक्षाच्या हजेरीपटात प्रतोदबाईंनी पाचही तारखांपुढे 'माझ्या परवानगीने' असे लिहिले. कारणाचा रकाना उरला होता. त्यात त्यांनी लिहिले : सहकारी आजारी आहेत.