पाणी आणायला

सुनेच्या पत्राला आजोबांनी महिनाभर उत्तर दिलं नव्हतं. "बाबा, नातू तुमचा गुणी. मी पाणी घेऊन येईपर्यंत ताटातली भाजी संपवतो. तुमचे चिरंजीव मात्र भाजीला शिवत नाहीत. लहानपणी त्यांना कशी खायला लावायचात?"

काय लिहिणार, कपाळ? आजी पाणी आणायला उठली, की लेक केविलवाणं बघायचा आणि त्याची भाजी आजोबाच गट्टम करायचे. शेवटी चाचरत त्यांनी आजीला सांगून टाकलं.

"अहो, मग मी उगीच उठत होते का? स्वतःच्या ताटातली भाजी कधी खाल्लीत तुम्ही?"

आजोबांनी लगेच कागद ओढला. "सूनबाई, पाणी आणायला उठत जा. माझा लेक भाजी खातोच आहे. नातूही खाईल, बाप झाल्यावर." आणि स्वतः जाऊन पत्र पेटीत टाकून आले.