बारशाआधीचं नाव

"बारशाआधी लेकराचं नाव कुठं लिवू न्हाई, बाई," आपल्या गावी, औशाला परतताना सासूबाईंनी बजावलं होतं. "कागदावर कुठं लिहितेय, आत्याबाई?" म्हणत शिवलीलानं ते हसण्यावारी नेलं होतं.

लातूरला त्या उन्हाळ्यात रेल्वेनं पाणी येत होतं. पाहुण्यांना प्यायला पाणी कुठून द्यायचं, म्हणून बारसं लांबत गेलं. उद्या नांदेडला तिची युनिक्स सिस्टिम अ‍ॅडमिनच्या, म्हणजे कंपनीचे कॉम्प्युटर सांभाळायच्या नोकरीची मुलाखत होती. सरावासाठी तिनं घरच्या कॉम्प्युटरवर एक खातं उघडलं होतं आणि लेकीसाठी मनात धरलेलं नाव त्याला दिलं होतं. नीलांबिका.

दुपारी, या क्षणी मशीनवर कोण कोण आहे हे सांगणारी कमांड तिनं दिली. पडद्यावर दोन नावं आली. शिवलीला. नीलांबिका.

नीलांबिकाच्या खात्यात ती आज शिरलीच नव्हती. नेटची वायरही काढलेली होती. आतल्या खोलीत बाळ पाळण्यात एकटंच हुंकार देत होतं.

नको असलेल्याला मशीनवरून बाहेर कसं काढायचं, हे मुलाखतीत हमखास विचारतात. तिनं सवयीनं ती कमांड दिली. दुसरं नाव गेलं.

आतला हुंकार थांबला.

शिवलीलाचे पाय खुर्चीपासून हलेनात. वाचणारे तुम्ही आतल्या खोलीच्या दाराशीच आहात, तर एवढं करा. पाळण्यात जरा डोकावून बघा.