क्रियापदाची जागा

इस्पितळाच्या खाटेवर, तारांनी आवळलेल्या जबड्यातून तिला बोलता येत नव्हते, म्हणून हवालदाराने जबाबाचे वाक्य लिहून क्रियापदापुरती जागा मोकळी सोडली होती आणि तो एकेक शब्द सुचवीत होता. योग्य शब्दाला तिने फक्त मान डोलवायची होती.

“जिन्यावरून पडलात?”

तिने नकारार्थी मान हलवली.

“घसरलात? चक्कर आली?”

गळ्यावर उमटलेल्या पाच बोटांशी त्यातला एकही शब्द जुळत नव्हता.

“घसरली लिहा हो, साहेब,” खाटेच्या पायथ्याशी उभा असलेला नवरा हसत म्हणाला. “पहिल्यापासूनच वेंधळी आहे ही.” चादरीआडून त्याने तिचा सुजलेला घोटा असा पिळला, की वेदनेने तिची मान होकारार्थी हलली.

हवालदाराने पेन टेकवले.

“थांबा,” उशाशी बसलेली सासू म्हणाली. “ढकललं, असं लिहा. माझ्या मुलानं. मी वरच्याच पायरीवर होते.”

“आई, तू गप्प बस!”

सासूने त्याच्याकडे पाहिलेही नाही. कोपरात कायमचा वाकडा राहिलेला आपला हात सुनेच्या कपाळावर ठेवून ती पुटपुटली, “माझ्या वेळी मीही ‘घसरले’च सांगितलं होतं गं.”